आसरांच्या डोहातले मांगूर

राहीबाईनं मूठभर चुरमुरे डोहात टाकले आणि वर कुणीच आलं नाही.

तिनं दुसरी मूठ टाकली. मग कणकेच्या गोळ्या टाकल्या. गोळ्या बुडाल्या, चुरमुरे तसेच पाण्यावर फिरत राहिले. मागं ताटं घेऊन उभ्या असलेल्या बायका वाकून बघायला लागल्या. हलगीवाल्याचा हातसुद्धा थांबला.

आता बाहेरचा माणूस म्हणेल, नसतील आले मासे, त्यात एवढं काय! अहो, एवढं काय म्हणजे? हा आसरेवाडीचा डोह आहे. रहिमतपूरच्या अलीकडं उन्हाळ्यात नदी आटून नुसती वाळू उरते, पण हा डोह आटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. काठावर शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्या सातीआसरा, पाण्यातल्या देवी. पाणी त्यांचं आणि पाण्यातले मासे त्यांची लेकरं. इथं गळ टाकायचा नाही, जाळं लावायचं नाही, मासा मारायचं तर नावच काढायचं नाही. वैशाखात पाणी उतरलं की सगळं गाव दहीभाताचा निवद घेऊन येतं आणि माशांना जेवू घालतं. पहिली मूठ पडायचा अवकाश, हातभर लांबीचे खडस मासे असे उसळायचे की काठावरच्यांची लुगडी भिजायची.

त्यांत एक थोरली मादी होती. डोक्यावर पांढरा डाग असलेली. तिला गाव म्हातारी म्हणायचं. राहीबाई लग्न होऊन आली तेव्हाही ती म्हातारीच होती. ती तीच होती का तिची लेक, हे कुणी सांगावं, पण गावाच्या लेखी ती एकच. मागं बारक्या पिल्लांचं लेंढार घेऊन ती पार पायरीपर्यंत यायची आणि राहीबाईच्या बोटांतून कणीक घ्यायची.

यंदा पहिली मूठ राहीबाईची होती, कारण तिचा नवस फळला होता. तिचा मुलगा शंभूराज फौजेत. सीमेवरून धडधाकट परत आलेला तो रजेवर होता आणि आज तिच्या मागंच उभा होता. शेजारी सून संयोगिता.

"आई, मासं कुठं गेलं गं?" शंभूराजनं विचारलं.

"येतील की. हलगीला भ्यालं असतील."

म्हणाली खरी, पण तिची नजर पाण्यावरून हलेना. गेल्या वैशाखात अवकाळीनं पाणी गढूळ झालेलं, त्यामुळं काही दिसलं नव्हतं आणि कुणी मनावरही घेतलं नव्हतं. यंदा पाणी नितळ होतं, आणि रिकामं.

तेवढ्यात पलीकडच्या लव्हाळ्यातून पाणकोंबडीचं एक पिल्लू बाहेर पडलं. चुरमुरे बघून तुरुतुरु पोहत आलं. लहान पोरं हसायला लागली. पिल्लानं एक दाणा टिपला, आणि त्याच्या खालचं पाणी एकदम फाटलं. एक चपटं काळं डोकं वर आलं, दोऱ्यासारख्या लांब मिशांचं. जबडा उघडला, मिटला. पिल्लू गेलं. पाण्यावर एक पीस राहिलं, तेही पुढच्या डोक्यानं गिळलं.

कुणीतरी किंचाळलं. मग सगळा डोहच उकळायला लागला. काळी डोकी, काळ्या पाठी, एकावर एक चढणाऱ्या, हवा गिळायला वासलेली तोंडं. चुरमुरे गेले, गोळ्या गेल्या, केळीच्या पानावर सोडलेला दहीभात पानासकट ओढला गेला. एवढ्या गर्दीत एक रुपेरी खवला कुठं दिसेना.

"आगं आई गं!" एका पोरीच्या हातातलं ताट पायरीवर पडलं. "सापं हायती का काय ही?"

राहीबाईनं तोंडावर पदर धरला. ती सापं नव्हती. ती काय होती ते तिला चांगलं ठाऊक होतं, कारण दोन वर्षांपूर्वी तिनंच ती आणून सोडली होती.

आसरेवाडीतलं घर म्हणजे ऊस आणि फौज. घरटी एक तरी पोरगं वर्दीत. पोरगं पहिल्यांदा सीमेवर निघालं की आईनं डोहात एक जिता मासा सोडायचा, ही इथली रीत. आसरांनो, हा एक जीव तुमच्या ओटीत घातला, माझा एक सांभाळा. तो मासा डोहात आहे तोवर पोराच्या केसाला धक्का लागत नाही, असं गाव मानतं. पूर्वी गडीमाणसं नदीतूनच मासा धरून कळशीत घालून आणायची. आता नदीत मासा कुठला आणायचा?

दोन वर्षांपूर्वी सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि शंभूराजचा फोन बंद पडला. राहीबाईला घास गिळवेना. टीव्ही लावला की छाती धडधडायची, बंद केला की आणखीनच धडधडायची. देवळातली घंटा वाजली तरी दचकायची. अशातच बाजारात तिला एक मासेवाला दिसला. निळ्या पिंपात तळाला चार बोटं पाणी आणि त्यात काळे मासे वळवळत होते. एक तर बाहेर गोणपाटावर पडला होता आणि तरी जिवंत होता.

"ह्यो मरत न्हाई, मावशी," मासेवाला कौतुकानं सांगत होता. "चिखलात ठेवा, उन्हात ठेवा. सकाळधरनं भायेर हाय, बघा कसा दम घेतोय."

झालं! मरत नाही, एवढंच राहीबाईच्या मनानं धरलं. फौजेतल्या पोरासाठी ह्याहून चांगला जीव कुठला मिळणार होता? रीत एक सोडायची, हिनं पिशवीभर घेतले. आसरांनी कमी पडलं म्हणायला नको. पदराखाली पिशवी धरून एस्टीतून आली, तडक डोहावर गेली आणि डोळे मिटून पिशवी पालथी केली. त्याच आठवड्यात शंभूराजचा फोन आला.

मग काय विचारता! राहीबाईनं ती गोष्ट बचत गटात सांगितली, गिरणीवर दळणाला गेली तिथं सांगितली, पाव्हण्यारावळ्यांत सांगितली. "आगं, मरत न्हाई तसला सोड, साधा नगं," असं बजावून सांगितली. शालूबाईची दोन पोरं फौजेत, तिनं दोघांसाठी सोडले. सुलाबाईनं नातवासाठी सोडले. ज्यांची पोरं अजून भरतीसाठी नुसती पळत होती, त्या आयांनीही आगाऊ सोडून ठेवले. सगळं श्रद्धेनं, हौसेनं, पिशव्या भरभरून. आणि डोहात कुणी हात लावायचा नाही, ही तर रीतच. त्या माशांना ह्याहून सुखाचं घर जगात कुठं मिळालं असतं, सांगा बरं!

"मांगूर हाय ह्यो," शंभूराज पायरीवर उकिडवा बसून पाण्याकडं बघत म्हणाला. "आपला न्हवं, भायेरच्या देशातला. ह्याला पाळायलाबी बंदी हाय. आमच्या कॅम्पाच्या मागं तळं हुतं, त्यात कुणीतरी सोडला हुता. बेडूक न्हाई, खेकडा न्हाई, दुसरा मासा न्हाई. सगळं खाल्लं आन शेवटी एकमेकाची पिल्लं खायला लागला. कुणी आणला ह्यो हितं?"

जी ती आपल्या ताटाकडं बघायला लागली.

"मी," राहीबाई म्हणाली. "तुज्यासाठी सोडला, बाबा."

शंभूराजनं मान वर केली. असा पोरगा तिनं कधी बघितला नव्हता. सीमेवरचं काही विचारलं तरी हसून सोडून देणारा, आणि आज एवढ्यानं त्याचा चेहरा उतरला होता.

"आमीबी सोडलं," शालूबाई हळूच म्हणाली. मग सुलाबाई म्हणाली. मग बाकीच्याही एकेक करून म्हणाल्या.

आसरांची पूजा करणारा सयाजी गुरव काठीवर हनुवटी टेकून बसला होता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "मला वाटायचं माझी नजर गेली," तो म्हणाला. "म्हनून खडस दिसंनात."

"आवं तात्या, म्हातारी हाय न्हवं?" राहीबाईनं घाईघाईनं विचारलं.

"परवा दिसली. त्या कपारीला एकलीच हुती. मागं पिल्लू न्हाई एकबी."

शंभूराज उठला. "ह्येंला काढायचं. पाणी आता अंगणाएवढं हाय, इंजिन लावू, उपसू, जाळं टाकू आन एकूणएक मारू. पाऊस पडला, डोह भरून वाहायला लागला, की हे नदीत उतरतील. मग पार सांगलीपतूर कोण धरत बसतंय?"

मारू म्हटल्याबरोबर बायकांत एकच गलका झाला. शालूबाई, एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी बाई, पदर खोचून पायरीवर आडवी उभी राहिली.

"खबरदार शंभू! माझी दोन पोरं हायती त्यात."

बंदुकीपुढं उभा राहिलेला गडी, पण तिच्यापुढून मागं सरला. ताटं तशीच उचलून सगळे घरी आले. त्या दिवशी आसरेवाडीत कुणाला जेवण गेलं नाही.

घरी आल्यावर मायलेकरांची चांगलीच जुंपली. शंभूराजची रजा संपत आली होती. परवा सकाळी त्याला निघायचं होतं, आणि कुठं ते ह्या खेपेला त्यानं सांगितलं नव्हतं. न सांगण्यावरूनच राहीबाई काय ते समजली होती.

"तू जाऊन ये," ती म्हणाली. "फुडच्या रजेला सुखरूप आलास की तुज्या हातानं मार सगळी. मी पाटी धरीन. पर तवर त्येंला हात लावू नगंस."

"आई, मासा मारल्यावर माणूस मरतंय व्हय?"

"मला काय ठावं? तुजा फोन बंद हुता तवा तू हितं न्हवतास. मी हुते."

"आगं, फुडची रजा पावसाळ्यानंतर. तवर डोहात काय ऱ्हाईल?"

"न्हाई ऱ्हायलं तर न्हाई ऱ्हायलं!" राहीबाई ओरडली. ओरडली आणि आपणच दचकली. आसरांच्या लेकरांबद्दल आपल्या तोंडून असलं निघावं? तिनं पटकन दोन्ही गाल बडवून घेतले. पण शब्द मागं घेतला नाही.

शंभूराजनं बायकोकडं बघितलं. संयोगिता भाकरी थापायची थांबली होती.

"माज्याकडं काय बगताय?" ती म्हणाली. "आत्यांचं मला पटत न्हाई. पर तुमी तिकडं निघालात आन हितं मासं मारलं, हे मलाबी सोसायचं न्हाई. मी खोटं कशाला बोलू?"

त्यानं पाठीवरची बॅग भरायला घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी राहीबाईनं त्याला ओवाळलं. कपाळाला कुंकू लावलं, हातावर दही ठेवलं. बूट घालून तो उंबऱ्याबाहेर पडतो न पडतो तोच सयाजी गुरव धापा टाकत दारात आला.

"राहीवैनी, चला. म्हातारी पायरीला आलीया."

राहीबाईचा चेहरा खुलला. आली! म्हणजे आहे! घाईनं तिनं परातीतला कणकेचा गोळा उचलला आणि अनवाणीच निघाली. शंभूराज आणि संयोगिता मागोमाग आले. सयाजी वाटेत काही सांगायला बघत होता, पण ती ऐकेल तर ना.

म्हातारी पायरीला आली होती. खालच्या पायरीवर, वीतभर पाण्यात, आडवी पडली होती. डोक्यावरचा पांढरा डाग तेवढा ओळखू येत होता. शेपटी खाऊन टाकलेली, पोहायचे पर कुरतडून बुडख्यापर्यंत गेलेले, कुशीतून मांस लोंबत होतं. आणि ती जिवंत होती. कल्ले उघडत होते, मिटत होते. तिच्याभोवती काळी डोकी जमली होती आणि निवांतपणे एकेक लचका ओढत होती.

राहीबाईच्या हातातला गोळा गळून पडला. ती लुगड्यासकट पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी त्यांना हाकलायला लागली. "हाड! हाड! सोडा तिला!" कुत्र्याला हाकलावं तसं. पण ते भ्याले नाहीत. भ्यायचं कशाला? ह्या डोहात माणूस काही करत नाही, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. ते तिच्याच पायांना मिशा लावून बघायला लागले, खायला मिळतं का काय म्हणून.

तिनं म्हातारीला उचलून मांडीवर घेतलं. एवढी थोरली मासोळी, पण अंगात वजन राहिलं नव्हतं. तोंड दोनदा उघडलं, राहीबाईनं कणीक धरल्यावर उघडायचं तसंच. मग उघडलं नाही.

बायका जमल्या होत्या. राहीबाईनं हंबरडा फोडला.

"आगं बाई! तुजं एक लेकरू ठिवलं न्हाई गं मी! माजं एक वाचावं म्हनून तुजी सगळी खाल्ली गं मी!"

ती रडली ती पोटच्या माणसासाठी रडावं तशी रडली. संयोगिता तिला धरायला उतरली तर तिनं हात झटकला. म्हातारीला तिनं पायरीवर नीट ठेवलं, वरून पदराचं पाणी पिळलं, आणि वळून पाण्यात वाकली. हाताला पदर गुंडाळून एक मांगूर डोक्यामागं धरला. तो वळवळला, त्याचा काटा तिच्या तळहातात घुसला, रक्त आलं. तिनं सोडला नाही. धुण्याच्या दगडावर आपटला आणि पायरीचा एक सुटा धोंडा उचलला.

"राही!" शालूबाई ओरडली. "आगं, काय करतीस? पोरगं निघालंय तुजं!"

राहीबाईनं वर बघितलं. शंभूराज वरच्या पायरीवर उभा होता. पाठीला बॅग, कपाळाला तिनंच लावलेलं कुंकू.

"आसरांनो," ती म्हणाली, "ह्यो माज्या शंभूराजचा."

आणि धोंडा घातला.

संयोगितानं डोळे गच्च मिटून नवऱ्याची बाही धरली. दगडावर मासा अजून हलत होता. तोंड उघडत होता, मिटत होता. मरत नाही, मासेवाल्यानं सांगितलंच होतं.

राहीबाई तशीच बघत राहिली. दुसऱ्यांदा हात उचलवेना.

"नीट मार, आई," शंभूराज म्हणाला. त्यानं नजर काढली नाही. "अजून हलतोय."

तिनं पुन्हा घातला. पुन्हा घातला. हलायचा थांबला तेव्हा ती धडपडत पायऱ्या चढून गेली आणि रक्तानं माखलेला हात तिनं लेकाच्या छातीवर ठेवला. धडधडत होतं. जोरात धडधडत होतं.

शंभूराजनं बॅग खाली ठेवली. "मी उद्या निघतो," तो म्हणाला आणि बूट काढून पाण्यात उतरायला लागला. शालूबाईनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

"तू न्हाई," ती म्हणाली. रडून तिचा चेहरा लाल झाला होता. "माज्या पोरांचं मासं दुसऱ्या कुणी मारायचं न्हाईत. माझं मी मारीन."

ती उतरली. तिनं एक धरला, थोरल्याचं नाव घेतलं आणि धोंडा घातला. दुसरा धरला, धाकट्याचं नाव घेतलं आणि ओक्साबोक्शी रडत मारला. मग सुलाबाई नातवाचं नाव घेत उतरली. मग एकेक आई उतरत गेली. कुणी ऋषिराज म्हणत होतं, कुणी नाथाजी म्हणत होतं. जम्मूतला, सिक्कीमातला, राजस्थानातल्या वाळूतला, परेडवर असलेला, अजून भरतीला पळणारा. प्रत्येक नावाला एक धोंडा. वर सयाजी गुरव सात दगडांपुढं पालथा पडून माफी मागत होता. खाली बाया रडत होत्या, मारत होत्या आणि मधेच कंबरेचा फोन काढून पोरांना लावत होत्या. कुणाचा लागत होता, कुणाचा लागत नव्हता.

उन्हं चढली. पायऱ्या काळ्या माशांनी भरल्या. गडी इंजिन आणून पाणी उपसायला लागले, तसतसे खालून आणखी वर यायला लागले. बोटाएवढे, वीतभर, हातभर. म्हातारीच्या जातीचा एकसुद्धा निघाला नाही.

"राही," शालूबाईनं थकून विचारलं, "आता कुणाचं नाव घ्यायचं गं?"

राहीबाईनं काठावर बघितलं. नाव घेतलं नाही अशी एक आई उरली नव्हती. गावातली सगळी पोरं संपली होती आणि डोहात बघावं तिकडं काळी तोंडं हवा गिळायला वर येत होती. तिनं तळहाताला चिंधी बांधली, पदर खोचला आणि पुन्हा पाण्यात हात घातला.